एकटीचा हात

दादरच्या आमच्या वाचनालयातले मुलांचे संगणक लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालतात. संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम आम्ही बदलला आणि एकही सुरू होईना. नवा ठेवायचा की जुन्यावर परतायचं, यासाठी लिनक्स वापरणाऱ्यांची बैठक भरली. एक अनोळखी बाई दर वाक्याला चष्मा काढून भांडत होत्या. "नीट चालत होतं ते कशाला मोडता रे?"

"काकू, तुम्ही जुन्यातच राहा!" एकाने टोमणा मारला.

मतं घेतली. नव्याविरुद्ध त्यांचा एकटीचाच हात. मग त्यांनी उठून पेनड्राइव्ह लावला आणि पहिला संगणक सुरू केला, नव्याच प्रोग्रॅमवर. दुरुस्ती त्यांनी घरूनच लिहून आणली होती.

मी हादरलोच. "अहो, तुमचा तर विरोध होता!"

"आहेच की," दुसऱ्या संगणकाकडे वळत त्या म्हणाल्या, "पण उद्या मुलं येतील. त्यांना काय आपलं भांडण दाखवू?"