साबणातलं शिसं

भाऊजी ताईला बघायला आले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला उजेडाला धरून इतका वेळ न्याहाळला, की तेवढ्यात मला मिसरूड फुटली असावी. ताईकडे त्यांनी त्यामानाने ओझरतंच पाहिलं.

ते प्रयोगशाळेत पावडर, लिपस्टिक असल्या वस्तूंतलं शिसं मोजतात. कणभर सापडलं तरी दिवस सोन्याचा. यंदा ताईचा घरगुती साबण दुकानात जायचा होता; दुकानदाराने अहवाल मागितला. भाऊजींना साबणात शिसं सापडलं.

"अहो, मी साबणात पेन्सिली उकळते का?" ताई म्हणाली.

कुठल्याही वस्तूआधी नुसतं शुद्ध पाणी तपासायचं, म्हणजे शिसं प्रयोगशाळेतूनच मिसळत नाही ना ते कळतं, हा भाऊजींचा नेम. घरचाच साबण म्हणून तेवढा एकदा चुकला होता. आता पाणी तपासलं, तर त्यातही शिसं. हातमोजे, भांडी, टेबल तपासून झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक केस तपासला. शिसं नुकत्याच बदललेल्या कलपात होतं. भाऊजी कलप लावतात, हे बारा वर्षं ताईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

नव्या अहवालात त्यांनी आधीच्या चुकीचं कारण स्वतःच्या हाताने लिहिलं: 'तपासनिसाचे केस'.

साबण दुकानात लागला. भाऊजींचे केस आता पांढरे आहेत.