टी-रेक्स पडला तर उठायचा कसा?

तुम्हा दोघांसाठी हे लिहून ठेवते आहे, कारण मागच्या आठवड्यात माझा जो गोंधळ उडाला तो फोनवर नीट सांगता आला नाही.

धाकट्या, तू माझ्याशी फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलायचा नाहीस. त्या रविवारी मात्र अचानक विचारलंस, "आजी, टी-रेक्सचे हात एवढेसे. तो पडला तर उठायचा कसा?" पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. उत्तर चुकलं तर तू पुन्हा काही विचारणार नाहीस, याची धास्ती वाटत होती.

माझ्या जुन्या इंग्रजी पुस्तकात तो डायनासोर शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा होता. तसाच अंगणात रांगोळीने काढायला घेतला. मग तुमच्या आईने पाठवलेलं नवं पुस्तक उघडलं, तर त्यात पाठ आडवी आणि शेपूट हवेत, जड डोक्याचा तोल सांभाळायला. सगळं पुसलं. खऱ्या मापाने, चाळीस फूट, पुन्हा काढलं तर शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं. हात मात्र जेमतेम तीन फूट, त्यांना दोनच बोटं. शिकार करायचा की मेलेलं खायचा? बहुधा दोन्ही. अंगावर पिसं? कदाचित थोडी. आयुष्यभर शाळेत शिकवताना मी मुलांच्या उत्तरांतल्या 'कदाचित'खाली लाल रेघ मारली होती.

रस्त्यावरचं शेपूट ओलांडून शेजारीण आली. "बाई, ह्ये काय काढलंय? सरडा का कोंबडा?"

मी अडचण सांगितली.

"आवं, कोंबडीला तरी कुठं हात हायेत? उठतीच की!"

"तिला पंख आहेत ना."

"मग चला, बघू."

तिच्या खुराड्यामागे आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. मातीत लोळलेल्या कोंबडीने पाय पोटाखाली घेतले, ती पुढे झुकली आणि उठली. पंख हललेच नाहीत. पण ती दीड किलोची आणि हा उसाच्या भरल्या ट्रॉलीएवढा! मी आणखीच गोंधळले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला तेवढंच सांगितलं: कोंबडी अशी उठते, टी-रेक्सचं मला नक्की माहीत नाही. तू हात पाठीमागे धरून फरशीवर पालथा पडलास. दोनदा नाक आपटलंस, ताई खदाखदा हसली. तिसऱ्यांदा गुडघे पोटाशी घेऊन उठलास.

"नक्की का नाही माहीत तुला?"

"अजून कुणालाच नाही, बाळा."

तू नाक चोळत मागे वळलास. वाटलं, आता फोन आईकडे जाणार.

"मग त्याच्या अंगावर पिसं होती का ते सांग," तू म्हणालास. "अर्धंच माहीत असलं तरी चालेल."