खळीवर काढलेला कलश

त्या नवरात्रात माझी श्रद्धा डळमळली होती, हे आधी कबूल करतो. स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. नागपुरातल्या एका गिरणीत अठ्ठावीस वर्षं माग चालवून मी घरी बसलो आणि लहानपणी सुटलेला कुंचला पुन्हा धरला. चौथीपर्यंतच शिकलो, पण तेवढ्यात ड्रॉइंग मास्तरांनी फळं-भांडी समोर मांडून हुबेहूब काढायला शिकवलं होतं. घटस्थापनेला मोहल्ल्यातल्या देवीच्या देवळात चारचौघांसमोर मी बोलून बसलो, "आई, दसऱ्याले तुह्या भिंतीवर माह्या हातचं चित्र लागन. नाही लागलं, तर जन्मात कुंचला धरणार नाही."

मास्तर सांगत, रंगाआधी कापडाला सरस लाव. पण सरस चामडं उकळून करतात, तो देवीच्या चित्राला कसा चालायचा? आम्ही कोष्टी, सुताला तांदळाची खळ देतो. तीच मी कापडाला चांगली जाड दिली आणि वर तेलरंगात तांब्याचा कलश, नारळ, तीन संत्री काढली. अष्टमीच्या सकाळी पाहतो तर रंग पापडासारखा उचललेला. बोट लावलं, अर्धा कलश खाली पडला.

"आता तरी मास्तरचं ऐका," बायको म्हणाली.

"देवीले चामडं लावू काय वं?"

"मंग बसा खळ चाटत." ती चुलीकडे गेली.

मी तणतणत देवळाकडे निघालो. आईला विचारणार होतो, तुझं सोवळं पाळलं म्हणून हे फळ दिलं काय? पायरीखाली एक अनोळखी म्हातारा आरतीचा मृदंग मढवत बसला होता. वादीचं टोक माझ्यापुढे करून म्हणाला, "जरा धर गा. कोणाशी भांडून आला?"

मी कधी कोणाला घरचं सांगत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, वादी धरून खाली बसलो आणि सगळं बोललो. तो ऐकत ऐकत वादी आवळत राहिला. मग म्हणाला, "याचं तोंड कशाचं हाय?"

"चामड्याचं."

"अन् हे वाजल्याबिगर तुह्यी देवी आरती घेते काय?"

चामड्याची ती वादी अजून माझ्याच हातात होती.

सुताराकडून सरस आणला, नवं कापड ताणलं. नवमीला दिवसभर पाटावरून उठलो नाही. रेघ हलली की आईचं नाव घ्यायचो, थांबायचो, पुन्हा रंग लावायचो. दसऱ्याला ओलं चित्र भिंतीवर चढलं. कोणी बोट लावू नये म्हणून मी दिवसभर शेजारी उभा राहिलो. त्या म्हाताऱ्याची वाट पाहिली. पुजारी म्हणाला, तो कोण, कुठला, त्यालाही ठाऊक नाही. मीही मग जास्त चौकशी केली नाही.

पन्नाशी उलटलेला माणूस आईलाच सोवळं शिकवायला निघाला होता. तिने रागावून घालवून दिलं नाही. पायरीखाली बसवून शिकवलं, हे तिचे उपकार.