आईच्या मागची ओळ

येईल तो मला तेच सांगत होता, आवाज किती क्लिअर आलाय! पुतणीची हळद होती, मांडवातल्या स्पीकरवर माझी वारलेली आई गात होती, आणि ज्याने त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या प्रत्येक थापेचा मला अजून राग येतो. सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो.

आई आमच्या गावची धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवले म्हणतात, आणि ती गाणारी बाई नसेल तर लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नसत. गाव म्हणजे आता सीवूड्स आणि बेलापूरच्या टॉवरांमध्ये अडकलेल्या काही गल्ल्या. आईच्या मागे कायम माझी आत्या बसायची. आईने ओळ म्हणायची, आत्याने बाकीच्या बायकांना घेऊन तीच ओळ मागून म्हणायची. तेवढ्यात आईचा दम भरून व्हायचा आणि पुढची ओळ तोंडात यायची. एरवी या नणंद-भावजया नळावरून भांडायच्या, कोलंबीच्या वाट्यावरून महिना महिना बोलायच्या नाहीत. अबोला असला तरी हळदीच्या मांडवात मांडीला मांडी लावून बसायच्या.

बाबांनी त्या काळी मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून ही गाणी भरून घेतली होती. कॅसेटी माझ्या माळ्यावर होत्या. आई गेल्यावर गावात दुसरी धवलारीण उरली नाही. पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, आयच्या कॅसेटी तुझ्याकडंच हायत ना? मोबाईलवर घे. हळदीला तीच लावू. पन ती मधली बायकांची बडबड, शिव्या, सगलं काढून टाक. पावने साताऱ्याचे हायत, शिकलेले. टेन्शन नको."

तेव्हाच मला राग यायला हवा होता. आला नाही. मला पटलं. बेलापूरच्या सरकारी ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर गावची बोली मी घराच्या उंबऱ्यातही येऊ देत नव्हतो. पाहुण्यांसमोर तरी कशी येऊ देणार?

जुना डेक खाली काढला. त्याचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, वायर लॅपटॉपला जोडली. हे काम घाईचं नाही. कॅसेट जेवढी वाजते तेवढा वेळ समोर बसावं लागतं. मी बसलो. टेपवर बायका बोलत होत्या. कुणाची तरी हळद कमी पडली होती, कुणी नवरदेवाच्या मामावर जोरदार वाह्यात विनोद केला होता. मग आत्याचा आवाज आला, "वयनी, गला बसला का गो तुजा? काल माज्या दादावर किती बोंबललीस!" आणि आईचं हसणं. मला हसू आलं. हसत हसत मी तो तुकडा निवडला आणि उडवला.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण स्क्रीनवर आईच्या आवाजाची लाट उंच दिसत होती आणि तिच्यामागे दर वेळी बायकांची एक बुटकी, पसरट लाट. शब्द तेच. ऑफिसात दुसऱ्यांच्या टिपण्या तपासताना मी वर्षानुवर्षं एकच काम केलं आहे, दोनदा आलेलं वाक्य खोडायचं. तसंच इथे केलं. मागची प्रत्येक ओळ कापली आणि आईच्या ओळी एकमेकींना चिकटवल्या. गाणं निम्म्यावर आलं. मला चक्क अभिमान वाटला. फाईल मूळ फाईलवरच सेव्ह केली. त्याच रविवारी सोसायटीत जुनं इलेक्ट्रॉनिक सामान गोळा करणारी गाडी आली, तिच्यात डेक आणि कॅसेटींचं खोकं दिलं.

"अहो, या टाकायच्याच का?" बायकोने विचारलं होतं. "राहू द्या की माळ्यावर."

"कॉम्प्युटरमध्ये आहे सगळं," मी तिच्यावर खेकसलो होतो.

हळदीला आत्या स्पीकरच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. घसा खाकरला, पदर नीट केला. भावजयीच्या मागे म्हणायचंय, म्हणून तयारीने आली होती. आईची पहिली ओळ आली. आत्याने ती उचलली, आणि ती अर्ध्यात असतानाच आई दुसऱ्या ओळीवर गेली. आत्याला वाटलं, आपल्यालाच उशीर झाला. पुढची ओळ तिने लवकर धरली. आई तिसरीवर.

"आत्ये, गाडी सुटली गो तुजी!" मागच्या बायका हसल्या.

आत्याने अजून एकदा तोंड उघडलं, मग मिटलं. नवरदेवाची मावशी, ती साताऱ्याची शिकलेली पाहुणी, माझ्या भावाला म्हणाली, "बाई एकट्याच म्हणतात होय? आमच्याकडं जात्यावरसुद्धा दोघी लागतात. एकीनं दम तरी किती धरायचा!"

"डिजिटल हाय ना मावशी," भाऊ म्हणाला आणि हसला. त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. पण कापणारा हात माझा होता.

गाणं संपल्यावर आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी कुठं हाय रं यात?"

"आत्या, तीच ओळ दोनदा येत होती, म्हणून..."

"मंग? आमी काय तुज्या आयची नक्कल करीत होतो? अख्ख्या गावाची लग्नं लावली आमी दोघींनी. तुजी आय मना सोडून येकटी कदी गायली नाय. तू तिला मेल्यावर येकटी केलीस."

कॅसेटी नेलेल्या गाडीवाल्याला फोन केला. माल पुढे गेला होता. म्हणाला, "साहेब, प्लास्टिक तोडलं पण असेल." त्याच्यावर ओरडलो. त्याचा काय दोष? मग मी लॅपटॉप उघडला आणि आईच्या प्रत्येक ओळीनंतर अंदाजाने जागा सोडली. फाईल घेऊन आत्याच्या घरी गेलो. ती ओट्यावर सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, निवडत होती. मी लावलं. आईची ओळ, मग जागा. आत्याने मान वर केली नाही.

"म्हण ना आत्या. आता थांबते ती."

"थांबते, पन दम घेत नाय. तिचा दम ऐकून मी उचलायची. ह्यात हाय काय? भोक हाय निसतं."

"मग तू एकटी म्हण. मी भरून घेतो आणि आईच्या मागे जोडतो."

"आनि उद्या दुसरे पावने आले की परत काढतोस." तिने सोड्यांचं सूप माझ्याकडून दुसऱ्या बाजूला ओढलं. "बंद कर ते. आनि जा."

मी भावाला सांगितलं, ती फाईल कुणाला देऊ नकोस. तर त्याने ती आधीच साऱ्या गावाला पाठवली होती. "दादा, लोकांना आवडली हाय. तुजं काय मधेच?" गावात पुढचं लग्न निघालं तेव्हा मांडवात लावायला तीच ठरली. आत्याला बोलावणं गेलं होतं. तिने उलटा निरोप धाडला: "तुमची धवलारीन डब्यात हाय ना, तिलाच पान वाढा."

भाऊ मला हे फोनवर हसत हसत सांगत होता. त्याचं हसणं संपायच्या आत मी फोन आपटला.