गाडीची पाठराखीण

आमच्या दाजींइतका वाईट व्यापारी सांगलीत दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा त्यांच्या दारातल्या लांबलचक विलायती मोटारी ते विकत घेत आणि ऊसवाल्या बागायतदारांना विकत. विकत कसले, लेक द्यावी तशा देत. गिऱ्हाइकाचं घरदार बघून येत, मनात आलं नाही तर तिथल्या तिथे स्थळ मोडत. सौदा ठरलाच, तर नवरीबरोबर पाठराखीण जाते तसे स्वतः गाडीबरोबर जात आणि चार दिवस तिथेच मुक्काम ठोकत. मालकाला घाटात नेऊन शिकवत, "आवं, उताराला ब्रेकवर उभं ऱ्हायाचं न्हाई. जड बाई हाय ही. गिअरवर उतरवा." वाईच्या एका व्यापाऱ्याने मागच्या सीटवर गुळाच्या ढेपा ठेवल्या, तेव्हा दाजींना रडू फुटलं होतं. निघताना लोक पाठराखिणीची बोळवण टॉवेल-टोपी देऊन करत. त्यामुळे ताईला टॉवेल कधी विकत आणावा लागला नाही.

दुसरं वेड शर्यतीचं. एक जुनी छोटी गाडी सोलून काढून ते वर्षातून एकदा मद्रासकडे धावायला जात. ताई देव पाण्यात ठेवून बसे. एकदा धावता धावता बॉनेट उडालं, तर दाजी गाडी सोडून ते आणायला मागे पळाले. कितवा नंबर आला विचारलं की म्हणत, "जित्ता आलो, ह्यो नंबर न्हाई व्हय?"

आष्ट्याच्या बागायतदार आबांनी फौजेतून सुटीवर आलेल्या एकुलत्या एका मुलासाठी गाडी घेतली, तेव्हा शर्यत तोंडावर आली होती. पहिल्यांदाच गाडी पाठराखिणीशिवाय गेली. "मी येईस्तोवर घाटात घालू नगंस रं," दाजींनी बजावलं. पोरगा हसला. "फौजेत ट्रक हाकलाय दाजी मी." कोयनानगरच्या पुढच्या घाटात तो ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत गेला. ब्रेक तापले, मग उरलेच नाहीत. गाडी दरीत गेली, पोरगा जागीच गेला.

त्याच वर्षी दाजींचा पहिला नंबर आला. पितळी कप काखेत मारून ते दारात उतरले आणि बातमी मला सांगावी लागली. त्यांनी कप उंबऱ्यावरच ठेवला आणि तसेच आष्ट्याला निघाले. मीही पाठोपाठ गेलो.

आबांनी मोडकी गाडी वर काढून अंगणात आणवली होती. दाजी तिच्याशेजारी मातीत बसले. त्यानंतर दर बाजाराला ते जात, तसेच बसत. आबा त्यांना उठा म्हणत नसत. धंदा बसला, शर्यतीची गाडी ताईने भंगारात घातली, तरी हे चालूच. मला दाजींचा रागही यायचा आणि कीवही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी बरोबर होतो. पानं उठल्यावर आबा अंगणात आले. त्यांच्या हातात टॉवेल-टोपी होती. "दाजी, गाडी पोचली, पोरगं बी पोचलं. पाठराखिनीनं लय दीस ऱ्हाऊ न्हाई. आता घरला जावा."

दाजी टोपी हातात धरूनच एसटीत बसले. स्टिअरिंगला मात्र पुन्हा कधी हात लावला नाही.

पुढे कधी आम्ही दोघे साताऱ्याहून एसटीने पुण्याला निघालो, की खंबाटकीच्या उताराला ते जागेवरून उठत. खांद्यावर तोच टॉवेल असे. "डायव्हरसायेब, गिअरवर उतरवा," असं हात जोडून म्हणत. गाडीतली माणसं हसायची. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.