सुपरची पोती

मी विज्ञान शिकवायचो त्या शाळेशेजारी खताचं गोदाम होतं. तिथले गोदामकीपर कुठल्याही गोष्टीला आधी "न्हाई" म्हणत आणि मग समोरच्याचं म्हणणं काय होतं ते विचारत.

बहात्तरचा दुष्काळ सरला, गावतळं भरलं, पण दिवाळीपर्यंत त्यावर शेवाळाचा दाट थर आला. गुरं पाण्याला तोंड लावेनात. सगळ्यांनी शेतांतून वाहून आलेल्या युरियाला दोष दिला.

"न्हाई," गोदामकीपर म्हणाले. "बघूच, मास्तर."

माझ्या प्रयोगशाळेतल्या तीन बरण्यांत त्यांनी ओढ्याचं निवळ पाणी भरलं आणि प्रत्येकीत तळ्यातलं चमचाभर शेवाळलेलं पाणी मिसळलं. एक बरणी तशीच ठेवली, दुसरीत चिमूटभर युरिया टाकला, तिसरीत सुपर फॉस्फेट. मग रोज येऊन ते बरण्या उन्हात सरकवत आणि माझ्याच विद्यार्थ्यांना हात लावू देत नसत.

पंधरवड्यात फक्त तिसरी बरणी हिरवीगार झाली.

"युरिया ह्या पाण्यात हाय तेवढा बास हुता. शेवाळ अडलं हुतं ते फॉस्फेटवाचून," ते खुशीत म्हणाले.

"मग तळ्यात फॉस्फेट आलं कुठून?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुपरची रिकामी पोती मीच धुतो तळ्यावर."

संध्याकाळी पारावर कुणी न विचारताच त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. गाव चार दिवस हसलं. पोती धुणं थांबलं आणि पुढच्या वर्षी पाणी निवळ राहिलं. शाळेच्या सभेत त्याबद्दल हार मात्र मला घातला. ते मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते, आणि मी हात जोडून हार तसाच गळ्यात ठेवला.