विमानाने एक तास

बहीण पहाटे गेली आणि सहा वाजता भाच्याचा नागपूरहून फोन आला. "मामा, कधी पोचाल?"

आमच्याकडे लेकीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते अंगावर पडल्याशिवाय तिला दाराबाहेर काढत नाहीत. आईवडील नाहीत, भाऊ मी एकटा. म्हणजे लुगडं मीच न्यायचं.

मी मोबाईलवर शोधलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या विमानतळापासून नागपूरपर्यंतचं अंतर होतं, त्याखाली वेळ होती : एक तासही नाही. भाच्याला म्हणालो, "थांबा. विमानानं तासाची वाट हाय. चारला दारात हाय मी."

माजलगावच्या मोंढ्यात तीस वर्षं कापूस घेतोय. गाठोड्यात हात खुपसून ओल ओळखतो, कुणाच्या तोंडी भावावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी मात्र छापलेल्या एका ओळीवर मी निवांत बसलो. कापडवाल्याला घरून उठवायला हवं होतं. मी दहाला दुकान उघडेपर्यंत थांबलो. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं काढायला लावलं आणि सवयीनं भाव पाडायला लागलो. तो म्हणाला, "शेठ, कशासाठी पायजे?" मी सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि मी म्हणेन त्या भावात गुंडाळून दिलं. मयताच्या लुगड्याला घासाघीस करत नाहीत, हे मला का ठाऊक नव्हतं?

भाड्याची गाडी करून दोन वाजता विमानतळावर पोचलो. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "काका, आज विमान न्हाई. आठवड्यातनं दोनदाच असतंय."

"मग मोबाईलमदी एक तास कावून लिवलंय बे?"

"उडालं तर तास लागंल की."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. गाडीवाल्यानं मागं ओढलं. "मालक, बसा. मोबाईलला इचारलंत, इमानाला कुठं इचारलंत?"

तिथून पुढं सडकच. दिवस कलताना भाच्याचा फोन आला. मी म्हणालो, "आलोच." अजून तीन तासांची वाट होती. मग त्याचे फोन बंद झाले. पोचलो तेव्हा अंगण धुतलेलं होतं.

राख सावडायच्या दिवशी मी दाजींना चारचौघांत बोललो. "माझ्या बहिणीला बिनमाहेरची काढली तुमी. कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?"

दाजी शांतपणे म्हणाले, "दादा, तुम्ही तास म्हणालात म्हणूनच दिवसभर थांबलो. लांब आहे म्हणाला असता, तर सकाळीच दुसरी सोय पाहिली असती. आणि बिनमाहेरची नाही गेली ती. गल्लीत तुमच्याच बीड जिल्ह्यातल्या, धारूरकडच्या एक बाई आहेत. बीडची लेक म्हणून त्यांनी स्वतःचं नवं लुगडं आणून घातलं."

सहालाच गाडीत बसलो असतो तर दुपारी तिथं असतो. हा हिशोब मला कुणी करून द्यायला नको. तरी दाजींशी मी अजून बोलत नाही.

त्या बाईचं घर भाच्यानं बोटानं दाखवलं होतं, चार दारं सोडून. माझ्या जागी उभ्या राहिलेल्या बाईला तोंड दाखवायला मी गेलो नाही. मागच्या गल्लीनं गाडीकडे गेलो.